वीज साठवा, पण तपासणार कोण?

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, पश्चिम रेल्वेच्या उधना आणि सचिन या स्थानकांच्या मध्ये भेस्तान आहे. एका बाजूस पांडेसरा औद्योगिक वसाहत, पुढे सचिनची वसाहत आणि मधल्या पट्ट्यात कामगारांची दाट वस्ती. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील माणसे कित्येक दशके इथल्या यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामाला येत राहिली. त्यामुळे लिंबायत, उधना, पांडेसरा, भेस्तान या सलग पट्ट्यात अहिराणी आणि मराठी सहज कानावर पडते, आणि सुरत महापालिकेला मराठी माध्यमाच्या शाळाही चालवाव्या लागतात.

या भेस्तानपासून काही किलोमीटरवर, अलथाण येथे, महापालिकेचे विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांचे आगार आहे. २०२५ मध्ये या आगाराच्या छपरावर १०० किलोवॅट क्षमतेचे सौर पॅनेल बसले आणि दिवसा तयार होणारी वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याकरिता २२४ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी जोडण्यात आली. जर्मनीच्या ‘जीआयझेड’ या सहकार्य संस्थेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पावर सुमारे १ कोटी ६० लाख रुपये खर्च झाला. या बॅटऱ्या कोऱ्या नाहीत. वाहनांतून एकदा वापरून झालेल्या, गाडी ओढण्याइतकी ताकद उरली नसली तरी एका जागी बसून वीज साठवण्याइतकी उरलेली अशा त्या बॅटऱ्या आहेत. कल्पना उत्तम आहे. कचऱ्यात जाणारी वस्तू आणखी काही वर्षे उपयोगी पडते आणि पालिकेचे वीजबिल कमी होते. असे आगार उद्या पणजीत, मडगावात, वास्कोतही होऊ शकते आणि व्हायलाही हवे. प्रश्न एवढाच, की अशी बॅटरी बसविण्यापूर्वी आणि बसविल्यानंतर ती सुरक्षित आहे असे सांगण्याची जबाबदारी नेमक्या कोणत्या खात्याची?

प्रश्न वरवर पाहता शासकीय कागदपत्रांचा वाटतो. पण याच पट्ट्यातील लिंबायतमध्ये २०२५ च्या जानेवारीत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक दुचाकीने पेट घेतला, आग स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीपर्यंत पोहोचली आणि अठरा वर्षांची एक मुलगी प्राणाला मुकली. त्याआधी, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, वसईत घरात चार्जिंगला ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात शिरला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. २०२२ मधील अशा घटनांनंतर केंद्राने वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे ‘एआयएस १५६’ हे मानक कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या बॅटरीचा विचार झाला. एका जागी बसणाऱ्या बॅटरीचा विचार मात्र अजून अनेक टेबलांवर विखुरलेला आहे.

लिथियम-आयन बॅटरीची आग ही नेहमीची आग नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. एखादा घट सदोष असला, आपटला, जास्त चार्ज झाला वा बाहेरून तापला, की त्याच्या आत रासायनिक क्रिया सुरू होते, ती स्वतःच उष्णता निर्माण करते आणि ती उष्णता शेजारच्या घटाला पेटवते. ही साखळी चालू असताना हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांसारखे ज्वालाग्राही आणि विषारी वायू बाहेर पडतात. ज्वाला विझली म्हणजे संकट टळले असे होत नाही. आतले घट काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेटतात. बंद पेटीत वायू कोंडून राहिला तर दार उघडणाराच धोक्यात येतो.

हे तर्काने मांडलेले भय नाही. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात सरप्राइज या गावी १९ एप्रिल २०१९ रोजी नेमके हेच घडले. वीज कंपनीच्या साठवण केंद्रात धूर दिसला, आतील स्वयंचलित यंत्रणेने आग विझविणारा वायू सोडला, आणि काही तासांनी अग्निशामक दलाच्या जवानांनी दार उघडताच साचलेल्या वायूचा स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. ते केंद्र केवढे होते? दोन मेगावॅट-तास. अलथाणच्या बॅटरीच्या जेमतेम नऊपट. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२१ रोजी, बीजिंगच्या फेंगताई भागात एका व्यापारी संकुलात अशीच दुर्घटना झाली आणि अग्निशामक दलाचे दोन जवान मारले गेले. तिथे छपरावर सौर पॅनेल, शेजारी साठवणीची बॅटरी आणि खाली वाहनांसाठी चार्जिंग अशी एकत्र मांडणी होती. आज आपल्याकडे शहरोशहरी आदर्श म्हणून दाखविली जाते तीच. तिथल्या बॅटऱ्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या होत्या, ज्यांना विक्रेते ‘सुरक्षित रसायन’ म्हणतात. हे रसायन पेटायला अधिक उष्णता लागते हे खरे. पण त्यातून निघणारा वायू कोंडला तर त्याचा स्फोट होऊ शकतो हेही खरे.

आपल्याकडे या व्यवसायाचा वेग थक्क करणारा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला ४७ गिगावॅटहून अधिक, म्हणजे सुमारे २३६ गिगावॅट-तास बॅटरी साठवण लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ४,००० मेगावॅट-तासांसाठी अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. जून २०२५ मध्ये आणखी ३० गिगावॅट-तासांसाठी ५,४०० कोटी रुपयांची दुसरी योजना आली. दर तर कोसळलेच आहेत. २०२२ मध्ये ‘सेकी’च्या निविदेत साठवणीचा दर एका मेगावॅटला महिन्याला १० लाख ८३ हजार रुपये निघाला होता. २०२४ मध्ये गुजरात ऊर्जा विकास निगमच्या निविदांत तो आधी साडेचार लाखांच्या घरात आणि काही महिन्यांतच पावणेचार लाखांच्या आसपास आला. बॅटऱ्या स्वस्त झाल्या हे याचे मुख्य कारण. परंतु दर इतका खाली आला की ठेकेदाराची काटकसर कुठे सुरू होते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. वायू ओळखणारे संवेदक, दोन पेट्यांमधील मोकळी जागा, स्फोटाचा दाब वरच्या बाजूने सोडणारी झडप, पाण्याची टाकी. यांतल्या एकाही गोष्टीने एक युनिटही जास्त साठत नाही. नियमाने भाग पाडले तरच त्या बसतात.

आता नियमांकडे वळू. वीज कायदा, २००३ नुसार वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने वीज नियमांत दुरुस्ती करून साठवण केंद्राला वीजव्यवस्थेचा घटक म्हणून मान्यता दिली आणि स्वतंत्रपणे उभारलेल्या साठवण केंद्रालाही निर्मिती कंपनीप्रमाणे परवानामुक्त ठेवले. वाहनांच्या चार्जिंगलाही परवान्याची गरज नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. गुंतवणूक यावी म्हणून हे निर्णय योग्यच होते. मात्र ‘परवाना नको’ याचा अर्थ व्यापाराचा परवाना नको, एवढाच आहे. सुरक्षिततेची तपासणी नको, असा नव्हे. व्यवहारात या दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती गल्लत कोणालाच गैरसोयीची नसते.

सुरक्षिततेसाठी वीज कायद्याचे ५३ वे कलम आहे आणि त्याखालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम आहेत. अंमलबजावणी राज्याच्या मुख्य विद्युत निरीक्षकांकडे असते. परंतु या नियमांतील तपासणीचा मूळ मापदंड आहे विद्युत दाबाचा. राज्य शासनाने ठरवून दिलेल्या दाबाच्या खालील मांडणी मालकाने स्वतः प्रमाणित करायची. वरच्या मांडणीसाठी निरीक्षकांची तपासणी. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे यांच्यासाठी हा मापदंड शहाणपणाचाच होता, कारण तिथे धोका दाबात असतो. बॅटरीत धोका साठ्यात असतो. कमी दाबाच्या जोडणीवर बसलेली २२४ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि त्याच जोडणीवर चालणारे पाण्याचे पंप या मापदंडापुढे जवळपास एकाच रांगेत उभे राहतात. अमेरिकेत सर्वत्र वापरले जाणारे ‘एनएफपीए ८५५’ हे मानक लिथियम-आयन बॅटरीसाठी २० किलोवॅट-तासांपासून लागू होते. अलथाणची बॅटरी त्या उंबरठ्याच्या अकरापट आहे. २०२५ मध्ये प्राधिकरणाने आपल्या नियमांत साठवणीच्या सुरक्षेची स्वतंत्र तरतूद करणारा मसुदा पुढे आणला, ही स्वागतार्ह गोष्ट. तरी मसुद्याची अंमलबजावणी राज्यांनाच करायची आहे आणि निरीक्षकांची संख्या मसुद्याने वाढत नाही.

अग्निसुरक्षेचा कायदा तरी हे टेबल सांभाळतो का? गुजरातेत त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. त्याची कसोटी सुरतनेच पाहिली: २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला संकुलात लागलेल्या आगीत २२ विद्यार्थी गेले. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या खेळघरात २७ जण गेले. ते खेळघर अग्निशामक दलाच्या ना हरकत दाखल्याविनाच चालू होते. प्रत्येक दुर्घटनेनंतर नियम घट्ट झाले. तरी असे कायदे मुळात इमारतीची उंची, क्षेत्रफळ आणि वापर पाहून चालतात. आगाराच्या आवारात ठेवलेली लोखंडी पेटी ही इमारत आहे काय? तिला मजले नाहीत, जिना नाही, आत माणूस नाही. दाखल्याच्या अर्जातील निम्मे रकाने तिच्यापुरते रिकामेच राहतात.

कारखाना कायद्याची तऱ्हा आणखी गमतीची आहे. १९४८ च्या कायद्याने वीज निर्माण करणे, तिचे रूपांतर करणे वा वहन करणे यांना ‘उत्पादन प्रक्रिया’ मानले होते, तेव्हा साठवण केंद्र त्यात ओढून-ताणून बसविता आले असते. पण कारखाना ठरायला कामगारांची किमान संख्या लागते. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी ती दहा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती वीस आहे. साठवण केंद्रात एखादा पहारेकरी असतो. राहिले प्रदूषण नियंत्रण मंडळ. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटरीला नवे रूप देणाऱ्याची नोंदणी त्या मंडळाकडे होते. तीसुद्धा कचऱ्याचा हिशेब राहावा म्हणून. त्या बॅटरीतील एकेक घट तपासून, जोडून, पुन्हा वापरण्यास योग्य आहे असे कोणी म्हटले, हा वेगळा प्रश्न आहे. दुसऱ्या डावातील बॅटरीच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण तिचा पहिला डाव कसा गेला, ती किती वेळा तापली, किती वेळा पूर्ण उतरली, हे बाहेरून दिसत नाही.

थोडक्यात, बॅटरीच्या एकेका अंगाला प्रत्येक खाते हात लावते. सबंध बॅटरीकडे पाहणारे खाते सापडत नाही.

ज्या देशांनी हा अनुभव आधी घेतला, त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. दक्षिण कोरियात २०१७ ते २०१९ या काळात साठवण केंद्रांना २३ आगी लागल्या. सरकारी समितीने जून २०१९ मध्ये अहवाल दिला, तेव्हा तिने दोष केवळ घटांवर टाकला नाही. विजेच्या झटक्यांपासून अपुरे संरक्षण, सदोष जोडणी, निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रणांचा एकमेकींशी नसलेला मेळ आणि दमट, धुळीच्या जागेची हेळसांड, अशी कारणे पुढे आली. शेवटचे कारण सुरत आणि गोवा या दोन्ही किनारी प्रदेशांनी अधोरेखित करून ठेवावे असे आहे. खाऱ्या, दमट हवेत लोखंडी पेटीच्या आत पहाटे दव धरते, हे इथल्या कोणत्याही वायरमनला सांगावे लागत नाही.

न्यूयॉर्क राज्यात २०२३ च्या एका उन्हाळ्यात तीन साठवण केंद्रांना आगी लागल्या. राज्यपालांनी अग्निशमन, ऊर्जा आणि पर्यावरण या खात्यांचा एकत्र गट बसविला. त्याच्या शिफारशींतील दोन अगदी व्यवहारी आहेत. प्रकल्पाच्या आराखड्याची तपासणी स्वतंत्र तज्ज्ञाने करावी आणि खर्च अर्जदाराने द्यावा. तसेच केंद्राची माहिती असणारा जाणकार माणूस दुर्घटना घडताच काही मिनिटांत फोनवर उपलब्ध व्हावा आणि चार तासांच्या आत जागेवर पोहोचावा. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगचे प्रचंड केंद्र १६ जानेवारी २०२५ रोजी पेटले. सुमारे बाराशे लोकांना घरे सोडावी लागली आणि महिनाभराने, फेब्रुवारीत, तेथे पुन्हा आग लागली. मार्चमध्ये तेथील नियामक आयोगाने वीजनिर्मिती केंद्रांच्या देखभालीचे नियम साठवण केंद्रांनाही लागू केले. तिथे एक राजकीय वादही उफाळला. २०२२ च्या एका कायद्याने अशा प्रकल्पांना स्थानिक संस्थेला वळसा घालून थेट राज्याकडून परवानगी घेण्याची सोय दिली होती. आगीनंतर ती सोय काढून घ्या, अशी मागणी झाली. गावाला विचारायचे की राजधानीने ठरवायचे, हा वाद गोव्याला नवा नाही.

गोव्याने या विषयाकडे कसे पाहावे? वीज बाहेरून आणणाऱ्या या राज्याला साठवण उपयोगाचीच आहे. तमनारच्या वीजवाहिनीवरून मोलेच्या जंगलात जो संघर्ष झाला, त्यानंतर संध्याकाळच्या वाढत्या मागणीचा काही भार राज्यातच साठविलेल्या विजेवर टाकता आला, तर तो पर्याय कोणालाही नाकारता येणार नाही. कदंब महामंडळाच्या विजेवरील बसगाड्या आहेतच. त्यांच्या आगारांत सौर छप्पर आणि बॅटरी येणे ही केवळ वेळेची बाब आहे. हॉटेले आणि मोठ्या निवासी वसाहती डिझेल जनित्रांऐवजी बॅटरीकडे वळू लागल्या, तर त्यांत नवल नाही.

लहान राज्याची एक सोय इथे उपयोगी पडावी. गुजरातेत महानगरांतील अग्निशामक दले महापालिकांची. सुरतच्या जुन्या भागात वीज टोरंटची आणि बाहेरच्या उपनगरांत दक्षिण गुजरात वीज कंपनीची. समन्वय करायचा तर अनेक दारे ठोठावावी लागतात. गोव्यात १९८६ च्या कायद्याखाली सबंध राज्याचे एकच अग्निशामक दल आहे आणि एकच वीज खाते आहे. दोन खात्यांच्या प्रमुखांनी एका टेबलावर बसून, २० किलोवॅट-तासांच्या वरच्या प्रत्येक बॅटरीची नोंद, तिच्या जागेचा नकाशा आणि आपत्कालीन योजना बंधनकारक करणारा आदेश काढायचा ठरविले, तर त्याला वर्षे लागू नयेत.

अडचणही त्याच सोयीत दडलेली आहे. गोव्यात वीज खाते हेच वितरक आहे. उद्या साठवण विकत घेणारे तेच, जोडणी देणारे तेच, आणि विद्युत निरीक्षकाची खुर्ची त्याच खात्याच्या सावलीत असेल तर तपासणारेही तेच. स्वतःच्या निविदेतील बॅटरीला स्वतःच्याच हाताने नकार देणारे खाते कुठल्याही राज्यात विरळाच. निरीक्षकाला स्वतंत्र कचेरी, स्वतंत्र मनुष्यबळ आणि थेट सचिवांकडे अहवाल देण्याची मुभा असल्यावाचून तपासणी कागदावरच राहील. संयुक्त वीज नियामक आयोग गुरुग्रामला बसतो. दर ठरविण्यात त्याचा अनुभव मोठा असला, तरी पेटीतील संवेदक चालू आहे की बंद, हे तिथून दिसायचे नाही.

२०२५ च्या ६ डिसेंबरच्या मध्यरात्री हडफडेच्या नाइट क्लबात २५ जणांचा बळी गेला, तेव्हा कोणी कोणता दाखला कशाच्या आधारे दिला, हाच प्रश्न सर्वांत आधी उभा राहिला. पंचायत, नगरनियोजन, अग्निशामक दल, अबकारी, प्रदूषण मंडळ, अशी सगळी नावे एकामागून एक आली. क्लब निदान डोळ्यांना दिसतो, त्याचा आवाज येतो, शेजारी तक्रार करतात. वसाहतीच्या तळघरात किंवा हॉटेलच्या मागच्या अंगणात ठेवलेली पांढरी पेटी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आग लागली तर पहिल्या पंधरा मिनिटांत पोहोचणाऱ्या जवानाला, आत लिथियम आहे की शिशाची जुनी बॅटरी, दार उघडायचे की लांबून पाणी मारायचे, वीज कुठून तोडायची, हे दारावरील फलकावरून कळले पाहिजे. त्या फलकाची किंमत काही शे रुपये आहे. प्रशिक्षणाची किंमत त्याहून जास्त, आणि ती साठवण केंद्रांकडून जोडणी देतानाच वसूल करता येते.

एक मुद्दा निविदांच्या गर्दीत हरवतो, तो मालकाच्या भवितव्याचा. गुजरातच्या २०२४ च्या साठवण निविदांत यश मिळविलेल्या कंपन्यांपैकी जेनसोल इंजिनिअरिंग ही कंपनी पुढच्याच वर्षी सेबीच्या कारवाईनंतर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. बॅटरी ही बंद पडलेल्या गिरणीतील मागासारखी गंजत पडून राहणारी वस्तू नाही. देखभाल थांबली की तिचा धोका वाढतो आणि ती हलविण्याचा, तिचे घट सुटे करून विल्हेवाट लावण्याचा खर्च कोणाला तरी उचलावाच लागतो. साठवणीचे करार बारा-पंधरा वर्षांचे असतात. पंचायतीची मुदत पाच वर्षांची. त्यामुळे केंद्र उतरविण्याच्या खर्चाइतकी अनामत रक्कम, बँकेच्या हमीच्या रूपात का होईना, पहिली जोडणी देण्यापूर्वीच घ्यावी लागेल. बाराव्या वर्षी ती मागायला गेल्यास द्यायला कोणी जागेवर असेलच असे नाही.